ड्रॅग गाडीच्या मागच्या चाकांचे बॅलन्सिंग पाच धावांत का बिघडले?

कॉन्टेसावाला (डिचोली)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक जुनी कॉन्टेसा आहे आणि गेली तीन वर्षे मी ती पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठी (ड्रॅग रेससाठी) तयार करतो आहे. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर कधीच चालवली जात नाही. ट्रेलरवर चढवून साखळी, केरी, चोर्ला घाट आणि बेळगाव अशा वाटेने ती राज्याबाहेरच्या बंदिस्त धावपट्टीवर नेतो, पळवतो आणि तशीच परत आणतो. मागचा ॲक्सल सलग आहे, डिफरन्शियल लॉक केलेले आहे (म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्रच फिरतात), डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते धातूचे चाक, पोलादी १५ इंची आहेत आणि त्यांवर २८ इंच व्यासाचे, ९ इंच रुंदीचे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर आहेत. आत ट्यूब नाही. हवा १२ पीएसआय ठेवतो.

गेल्या महिन्यात टायर नवे बसवले आणि एका दुकानात मागच्या दोन्ही चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. उजव्या चाकाला ९५ ग्रॅम आणि डाव्या चाकाला ३० ग्रॅम चिकटवजने लागली. पहिल्या तीन धावा अगदी स्वच्छ गेल्या. चौथ्या धावेत ताशी १४० किलोमीटरच्या पुढे गाडीचा मागचा भाग हादरू लागला आणि पाचव्या धावेत तर आरशातले काही दिसेना. स्टिअरिंग मात्र हातात शांत होते. हादरा सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून येत होता.

घरी आल्यावर चाके पुन्हा त्याच मशीनवर चढवली. जुनी वजने जागच्या जागी होती, त्यांवरची चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती, तरीही मशीनने उजव्या चाकात ७० ग्रॅम आणि डाव्यात १५ ग्रॅम फरक दाखवला. दुकानदाराचे म्हणणे असे की पहिल्या वेळी काहीतरी चुकले असेल, आता नव्याने वजने लावून देतो. मी थांबलो आहे, कारण पहिल्या वेळी चुकले असते तर पहिल्या तीन धावा इतक्या स्वच्छ गेल्या नसत्या. वजन पडलेले नसताना बॅलन्स कसा बिघडतो, हे कुणी समजावून सांगेल का?

चौथा गिअर (म्हापसा)

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. मागच्या चाकांचा हादरा दोन प्रकारचा असतो आणि त्यांची गल्लत होऊ नये. गाडी सुटताना, पहिल्या शंभर-दीडशे फुटांत जो दणदणाट होतो, त्याला आम्ही टायर शेक म्हणतो. त्या वेळी इंजिनाच्या ओढीने स्लिकची बाजू पिळली जाते, टायर क्षणभर गोल राहत नाही आणि चेंडूसारखा उसळू लागतो. त्यावर बॅलन्सिंग हा उपाय नव्हेच. हवा, क्लच, सस्पेन्शन आणि सुटतानाची ताकद यांतच तो शोधावा लागतो. आपला हादरा शेवटच्या टप्प्यात येतो आणि वेगाबरोबर वाढतो. त्यामुळे तो असमतोलाचा असण्याची शक्यता मोठी आहे.

तरीही एक खात्री करा. हादरा सुरू असताना, धाव संपल्यावर, थांबण्याच्या पट्ट्यात गाडी न्यूट्रलमध्ये टाका. इंजिनाचे आवर्तन खाली आल्यावरही त्याच वेगाला हादरा तसाच राहिला, तर इंजिन आणि क्लच दोषमुक्त झाले असे समजा.

शिसे आणि हातोडी (फोंडा)

माझे टायरचे दुकान आहे. बावीस वर्षांत खाणीच्या टिपरपासून लग्नाच्या गाडीपर्यंत सगळी चाके हाताखालून गेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दुकानदाराला लगेच दोष देऊ नका आणि मशीनवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. शर्यतीसाठी रुंद केलेल्या डिस्कचे मधले भोक बऱ्याचदा हबवर नेमके बसत नाही. अशी डिस्क नटांवर मध्यभागी येते. मशीनवर मात्र तीच डिस्क मधल्या भोकात शंकू घालून चढवली जाते. भोक जराही एका बाजूला असले तर मशीन चाक एका केंद्राभोवती फिरवते आणि गाडी दुसऱ्याच केंद्राभोवती. अशा डिस्कला मशीनवर नटांच्या भोकांत पकडणारी प्लेट वापरावी लागते. चाक मशीनच्या शाफ्टवर नीट मध्यभागी चढले आहे का, याची तपासणी सोपी आहे. चाकाचे बॅलन्सिंग होऊन मशीनने शून्य दाखवले की चाक सैल करा, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा कसा आणि पुन्हा फिरवून बघा. आकडा पाच ग्रॅमच्या आत राहिला तर चढवणे बरोबर आहे. वीस-तीस ग्रॅमने उडी मारली तर बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी ते खोटेच राहणार.

दुसरी गोष्ट वजनांची. काठावर ठोकायची शिशाची वजने ड्रॅग गाडीला लावू नयेत. बर्नआउटच्या वेळी चाक जागेवर भन्नाट फिरते आणि सुटताना टायरची बाजू डिस्कच्या काठावर दुमडते, त्यात ती वजने निघून जातात. चिकटवजनेच लावावीत, तीही डिस्कच्या आतल्या पोटात. तिथली जागा आधी तारेच्या ब्रशने, मग थिनरने पुसावी आणि वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी दाबून बसवावी. आपल्याकडे पावसाळ्यात पत्रा हाताला कोरडा लागला तरी त्यावर दमटपणा असतोच, म्हणून मी वजन लावण्यापूर्वी ती जागा हीटगनने कोमट करून घेतो. आपली वजने टिकली आहेत, म्हणजे हे काम आपल्या दुकानदाराने नीट केले आहे.

दोनापावला

मी काही वर्षे मित्रांच्या गाडीवर मदतनीस म्हणून जात असे. आम्ही मागच्या स्लिकचे बॅलन्सिंग कधी केलेच नाही. धाव बारा-तेरा सेकंदांची. तेवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे आमच्यातले जुनेजाणते म्हणत. दोन्ही टायरांचा घेर सारखा आहे ना, एवढे मात्र आम्ही फीत लावून दर वेळी बघत असू. डिफरन्शियल लॉक असलेल्या गाडीत घेरात फरक पडला की गाडी एका बाजूला ओढते, आणि तो धोका हादऱ्यापेक्षा मोठा आहे.

वर्तुळगती (मडगाव)

घेराचा मुद्दा अगदी योग्य आहे, तो कुणी सोडू नये. बॅलन्सिंगची गरज नाही हे मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आकड्यांत सांगतो.

कॉन्टेसावाल्यांचा टायर २८ इंची आहे, म्हणजे त्रिज्या सुमारे ३५.५ सेंटिमीटर. समजा टायरच्या पट्ट्यात एका जागी ५० ग्रॅम रबर जास्त आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाला ते ५० ग्रॅम सुमारे ९ किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर ओढते. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, म्हणून ताशी १८० ला तो ३६ किलोच्या आसपास जातो. हा जोर एका दिशेला स्थिर नसतो; त्या वेगाला चाक सेकंदाला बावीस वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला बावीस वेळा ॲक्सल वर उचलला जातो आणि बावीस वेळा खाली दाबला जातो. धाव बारा सेकंदांची असली तरी गाडी सर्वाधिक वेगात असते ती शेवटच्या काही सेकंदांतच, आणि नेमके त्याच वेळी टायरने जमीन धरून ठेवायची असते. त्यानंतर ब्रेक लावायचे असतात, तेही याच चाकांवर.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वजन पडले नाही आणि तरीही बॅलन्स बिघडला, याचे मला एकच सरळ कारण दिसते: टायर डिस्कवर सरकला आहे. सुटतानाच्या झटक्याला डिस्क फिरते आणि कमी हवेचा टायर तिच्यावर थोडा मागे राहतो. वजने डिस्कबरोबर पुढे जातात, टायरचा जड भाग मागे राहतो आणि जे दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांना तोलत होते, त्यांची जोडी फुटते.

याचा हिशेब भूमितीने नेमका मांडता येतो. टायर १० अंश सरकला तर मूळ असमतोलाच्या सुमारे १७ टक्के असमतोल परत येतो, ३० अंशांना निम्म्याहून थोडा अधिक आणि ६० अंशांना पूर्ण १०० टक्के. त्याही पुढे सरकला तर वजने लावलेले चाक न लावलेल्या चाकापेक्षा वाईट होते आणि अर्धा फेरा सरकल्यास असमतोल दुप्पट होतो.

आपल्या उजव्या चाकाला मुळात ९५ ग्रॅम लागले होते आणि आता ७० ग्रॅमचा फरक दिसतो. यावरून सरकण्याचा कोन साधारण ४३ अंश निघतो. १५ इंची डिस्कच्या काठावर मोजले तर हे अंतर साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास भरते. डाव्या चाकात ३० पैकी १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे २९ अंश, काठावर साडेनऊ सेंटिमीटर. टायर बसवला तेव्हा आपण काही खूण केली होती का?

कॉन्टेसावाला (डिचोली)

खूण केली नव्हती, ही चूक झाली. मात्र आपला प्रतिसाद वाचल्यावर टायर बसवले त्या दिवशी मोबाइलवर काढलेले फोटो शोधले. उजव्या चाकाच्या फोटोत टायरच्या मापातला शेवटचा आकडा हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या अगदी समोर आहे. आता गॅरेजमध्ये जाऊन बघितले, तर तो आकडा व्हॉल्व्हपासून वीतभर लांब गेला आहे. शिंप्याची फीत काठाला धरून मोजली: उजवीकडे १४ सेंटिमीटर, डावीकडे ९ सेंटिमीटर.

वर्तुळगतीबाब, मी फीत हातात धरून बराच वेळ तसाच उभा होतो. मशीनच्या दोन आकड्यांवरून आपण घरी बसून जे अंतर काढले, ते माझ्या गॅरेजमधल्या चाकावर जवळजवळ तंतोतंत निघाले. मनापासून आभार.

पेडण्याहून

ट्रकवाले टायरच्या आत बॅलन्सिंगचे मणी किंवा पावडर घालतात. ते आपोआप जागा बदलतात असे म्हणतात. मग टायर सरकला तरी ते पुन्हा तोल साधणार नाहीत का?

शिसे आणि हातोडी (फोंडा)

लांब पल्ल्याच्या ट्रकला ते चालते, कारण तिथे चाक एकाच वेगाने तासन्‌तास फिरते आणि मण्यांना आपापली जागा घ्यायला वेळ मिळतो. ड्रॅगमध्ये वेग एक क्षणही स्थिर नसतो. गाडी उभी असताना सगळे मणी तळाशी गोळा झालेले असतात आणि त्याच अवस्थेत तिला झटका बसतो. स्लिकमध्ये मी ते कधीही घालणार नाही आणि कुणी मागितले तरी घालून देणार नाही.

कॉन्टेसावालेबाब, आता माझ्या धंद्यातला प्रश्न विचारतो. टायर चढवताना काठाला काय लावले होते? पुष्कळ दुकानांत डब्यातली मऊ पेस्ट किंवा घट्ट साबण भरपूर फासतात. साध्या गाडीला त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे हवा तीस पीएसआयच्या पुढे असते आणि टायरची कड डिस्कला घट्ट दाबून धरलेली असते. आपल्या बारा पीएसआयला ती पकड फारच थोडी. त्यात टायर जुलै महिन्यात बसवले असतील, तर आतला साबण आठवडाभर वाळतच नाही.

कॉन्टेसावाला (डिचोली)

पेस्टच होती आणि भरपूर होती. टायर बसवले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी ट्रेलरवर चढवली.

मायक्रोमीटर (वेर्णा)

मी कारखान्यात तपासणी विभागात काम करते, म्हणून माझा आग्रह मापाचा आहे. टायर आता उतरवणारच असाल, तर थेट पुन्हा चढवू नका. आधी रिकामी डिस्क हबवर बसवा, डायल गेज तिच्या काठाला लावा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. टायरची कड जिथे बसते त्या जागेचा उंच-सखलपणा आणि डिस्कची बाजूची डुलकी अशी दोन्ही मापे घ्या आणि सर्वांत खोल जागेवर खडूने खूण करा. नंतर टायर चढवून, हवा भरून, टायरच्या पट्ट्यावर तेच माप घ्या आणि सर्वांत उंच जागा शोधा.

हे मी मुद्दाम सांगते, कारण लंबगोल चाकाचेही बॅलन्सिंग होऊ शकते. मशीनला फक्त वजनाचा तोल कळतो. चाक गोल आहे की नाही याचा त्याला पत्ता नसतो. तोल शून्य असलेले पण दोन-तीन मिलिमीटर उंच-सखल असलेले चाक रस्त्यावर हादरतेच, आणि मग लोक पुन्हा पुन्हा वजनेच बदलत बसतात. टायरची उंच जागा डिस्कच्या खोल जागेवर आणली की पुष्कळ वेळा उंच-सखलपणा आणि लागणारे वजन दोन्ही कमी होतात. मुळात वजन जितके कमी लागेल, तितके पुढे टायर सरकल्यावर होणारे नुकसानही कमी, हे वरच्या हिशेबातूनच निघते.

चौथा गिअर (म्हापसा)

ताईंच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. आणखी एक भर घालतो. स्लिक वेगात फुगतो. त्याचा पट्टा बाहेर ओढला जाऊन व्यास वाढतो. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतीच्या टॉप फ्युएल गाड्यांना गिअर बदलणारा गिअरबॉक्सच नसतो, आणि मागच्या टायरचे हे फुगणेच त्यांना चढत्या गिअरसारखे उपयोगी पडते. आपल्या गाड्यांत ते प्रमाण कितीतरी लहान, पण त्यामुळे मशीनवर कमी वेगाला मिळालेला शून्य हा ताशी १८० ला अगदी शून्यच राहील असे नाही. थोडी बारीक थरथर राहिली तर तिच्यामागे फार लागू नका.

वर्तुळगती (मडगाव)

फुगण्याचा परिणाम मोजून बघितला. ५० ग्रॅमचा जड भाग २ सेंटिमीटर बाहेर सरकला, तर डिस्कच्या पोटातल्या हिशेबाने तो केवळ पाच-सहा ग्रॅमचा फरक आहे. टायर ४३ अंश सरकल्याने पडलेला फरक त्याच्या दहापटीहून मोठा आहे. तेव्हा लक्ष सरकण्यावरच द्यावे.

शिसे आणि हातोडी (फोंडा)

सरकणे थांबवण्याचे मार्ग सांगतो. डिस्कची कड बसण्याची जागा गंजरहित आणि तेलरहित करा. किनारपट्टीला राहणाऱ्यांच्या पोलादी डिस्कवर तिथे तांबूस पापुद्रा असतोच, तो पॉलिश कागदाने काढा. टायर चढवताना पेस्ट नको. पातळ साबणपाणी, तेही फडक्याने पुसून, नावापुरते. दोन्ही कडा बसल्याचे दोन वेगळे आवाज कानाने ऐका. त्यानंतर चाक निदान दोन दिवस पंख्याखाली ठेवा. हवा १२ वरून १४ करून बघता येईल.

एवढे करूनही सरकले, तर डिस्कच्या काठातून टायरच्या कडेत स्क्रू बसवतात. ते सारख्या अंतरावर, सारख्या वजनाचे आणि दोन्ही चाकांना सारख्या संख्येने हवेत. स्क्रूचे टोक कडेच्या रबरात रुतले पाहिजे, टायरच्या आत निघता कामा नये. बॅलन्सिंग स्क्रू बसवल्यानंतर करावे, आधी नाही. भोके पाडलेली डिस्क पुन्हा कधीही रस्त्यावरच्या गाडीला लावू नका आणि ओतीव ॲलॉय डिस्कला स्वतःच्या अंदाजाने भोके तर मुळीच पाडू नका. तिला तडा गेला तर आधी कळतसुद्धा नाही. हे काम चांगल्या लेथवाल्याकडून जिग लावूनच करून घ्या.

आणि काहीही करा, पण खूण करा. पांढऱ्या ऑइल पेंटची एकच सरळ रेघ, अर्धी डिस्कवर आणि अर्धी टायरवर.

कॉन्टेसावाला (डिचोली)

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. मधल्या काळात धाग्यावर येता आले नाही, त्याबद्दल क्षमस्व.

मायक्रोमीटरताईंनी सांगितल्याप्रमाणे गेज आणून मापे घेतली. उजव्या डिस्कमध्ये ०.९ मिलिमीटर उंच-सखलपणा निघाला आणि चढवलेल्या टायरमध्ये २.६. टायर उतरवला तेव्हा डिस्कच्या काठावर पेस्टचा थर अजून ओलसर होता. बोट फिरवल्यावर लोण्यासारखा निघाला. तो थिनरने काढला, पॉलिश कागद मारला आणि टायरची उंच जागा डिस्कच्या खोल जागेवर आणून चढवला. नवे माप १.४ आले. लेथवाल्याकडून दोन्ही चाकांच्या दोन्ही काठांना प्रत्येकी बारा स्क्रू बसवून घेतले. चाके तीन दिवस पंख्याखाली ठेवली. मग नटांवर पकडणारी प्लेट असलेल्या दुकानात बॅलन्सिंग केले आणि अर्ध्या फेऱ्याची परीक्षाही घेतली. आकडा ५ ग्रॅमच्या आतच राहिला. पूर्वी ९५ ग्रॅम लागलेल्या उजव्या चाकाला आता ४० ग्रॅम पुरले. डाव्याला २५ लागले.

गेल्या शनिवारी १४ पीएसआयवर सहा धावा केल्या. प्रत्येक धावेनंतर गाडी परत आली की माझा धाकटा भाऊ आधी खाली वाकून रेघ बघत असे आणि मगच वेळेची चिठ्ठी घ्यायला जात असे. डावी रेघ सहाही धावांत सलग राहिली. उजवी पहिल्या धावेनंतर दोनेक मिलिमीटर तुटलेली दिसली आणि पुढच्या पाच धावांत तिथेच थांबली. स्क्रू रबरात बसताना तेवढे झाले असावे. ताशी १४० चा हादरा पूर्ण गेला.

ताशी १६५ च्या पुढे एक बारीक, गुणगुणल्यासारखी थरथर अजून आहे. ती चाकाच्या लयीची वाटत नाही, बरीच जलद आहे. न्यूट्रलमध्ये टाकल्यावरही राहते. परत आल्यावर गाडीखाली जाऊन प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला नेणारा, चाकांहून जलद फिरणारा दांडा) हाताने हलवून बघितला, तर मागच्या क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या सांध्यात, किंचित खेळ लागतो आहे. क्रॉस बदलायला घेतला आहे. रेघेचे फोटो उद्या उजेडात काढून इथेच टाकतो.